चाळणीला औषध म्हणू नका!

‘कॅन्सरवर रामबाण वनस्पती सापडली’ अशा मथळ्याची बातमी वर्षातून एकदा तरी कुठल्या ना कुठल्या पेपरात येतेच. त्या दिवशी हॉस्टेलच्या रीडिंग रूममध्ये तो पेपर हातोहात फिरतो. सिव्हिलवाले म्हणतात, “बघा, आपल्या घाटात काय काय आहे!” कॉम्प्युटरवाले म्हणतात, “पेटंट अमेरिकेनं कधीच घेतलं असणार.” मेकॅनिकलवाल्यांनी तोवर क्रीडापान काढून नेलेलं असतं. या गडबडीत बातमीतलं एक वाक्य कुणी नीट वाचत नाही. ‘प्रयोगशाळेतील प्राथमिक चाचण्यांत हे सिद्ध झाले आहे.’ आता ही प्राथमिक चाचणी म्हणजे काय, ती किती अवघड असते आणि तिच्यातून नेमकं ‘सिद्ध’ काय होतं, याबद्दल मला लिहायचंय.

इंजिनिअरिंगच्या पोरानं बायोलॉजीत नाक का खुपसावं, असं कुणी (विशेषतः आमचे प्रोजेक्ट गाइड) विचारेल. माझं उत्तर असं की, या चाचण्या मी पाहिल्यात, मोजायला बसलोय, आणि त्यात बायोलॉजी जितकी आहे तितकंच मेजरमेंट आहे. माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. या साध्या चाचण्या सातारा-सांगलीच्या कॉलेजांत आजच्यापेक्षा कितीतरी जास्त व्हायला हव्यात, आणि आपण इंजिनिअरिंगवाल्यांनी त्यात हात घालायला हवा. पण त्यांचा निकाल लॅबच्या दाराबाहेर जाताना त्याच्या अंगावर ‘औषध’ हा शब्द असता कामा नये.

माझी मावसबहीण साताऱ्याला एम.एस्सी. करते. दिवाळीच्या सुट्टीत मी सांगलीहून घरी गेलो तर तिनं सरळ लॅबमध्ये नेऊन बसवलं. “दादा, तुझे डोळे चांगले आहेत, जरा मोजायला बस.” मोजायचे होते ब्राइन श्रिम्प, म्हणजे आर्टेमिया नावाचे खाऱ्या पाण्यातले बारीक जीव. मत्स्यालयाच्या दुकानात माशांचं खाद्य म्हणून यांची अंडी डब्यात मिळतात, वाळलेली, तपकिरी, चहाच्या भुकटीसारखी. साताऱ्याला समुद्र कुठला? म्हणून एक लिटर पाण्यात साधारण ३८ ग्रॅम सागरी मीठ घालून समुद्र तयार करायचा. त्यात अंडी टाकून एका बाजूला दिवा लावला की दोनेक दिवसांत पिल्लं बाहेर येतात आणि उजेडाकडे पळतात. ड्रॉपरनं उचलून एकेका छोट्या बाटलीत दहा-दहा सोडायची. बाटल्यांत वनस्पतीचा अर्क तीन मात्रांत घातलेला असतो, मिलिलिटरला १०, १०० आणि १००० मायक्रोग्रॅम. प्रत्येक मात्रेच्या तीन बाटल्या. शिवाय ज्यात अर्क अजिबात नाही, नुसतं द्रावक आहे, अशा वेगळ्या बाटल्या. चोवीस तासांनी भिंग घेऊन बसायचं आणि जिवंत किती, मेलेले किती ते लिहायचं. निम्मे जीव मारणारी मात्रा काढायची, तिला एलसी-५० म्हणतात. झाली चाचणी!

उंदरांवर प्रयोग करायचा तर समितीची परवानगी लागते, पिंजरे लागतात, खर्च लागतो. इथे मीठ, दिवा आणि एक चिकाटीचा माणूस. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात मॅकलॉफ्लिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ साली ही पद्धत वनस्पतींच्या अर्कांसाठी मांडली, ती याचसाठी. महागड्या सोयी नसलेल्या लॅबलाही शेकडो अर्कांतून पुढे कुठले न्यायचे हे ठरवता यावं, एवढाच हेतू. मराठीत याला फार चांगला शब्द आहे: चाळणी. स्क्रीनिंग म्हणजे चाळणं. आपल्या सिव्हिलच्या लॅबमध्ये वाळू चाळतात तशी. चाळणीतून खाली आलेल्या वाळूला कुणी पूल म्हणत नाही.

पण आर्टेमिया मेला म्हणजे काय झालं? मेला, एवढंच. तो तंबाखूच्या पाण्यानं मरतो, साबणानं मरतो, द्रावक जास्त पडलं तर त्यानंही मरतो. तुलनेसाठी कित्येक लॅब पोटॅशियम डायक्रोमेट वापरतात, आणि ते कुणी कॅन्सरवर घेत नाही! कॅन्सरच्या पेशी मारणारे बरेच पदार्थ या जिवालाही मारतात, हे खरं आहे आणि म्हणूनच चाचणी उपयोगी आहे. पण उलटं वाक्य खरं होत नाही. या जिवाला मारणारा प्रत्येक पदार्थ कॅन्सरचं औषध नसतो. बारावीच्या गणितात आपण हे शिकलो होतो, परीक्षेनंतर बहुधा तिथेच ठेवून आलो.

त्याच गटानं बटाट्याच्या चकत्यांची दुसरी चाचणी वापरात आणली. ती मला जास्त आवडते. अ‍ॅग्रोबॅक्टेरियम ट्युमेफेशिअन्स नावाचा जिवाणू वनस्पतीच्या जखमेतून आत शिरतो, आपल्या डीएनएचा एक तुकडा तिच्या पेशीत घुसवतो आणि तिथे गाठ वाढायला लागते. म्हणजे झाडाचा ट्यूमरच. निर्जंतुक केलेल्या बटाट्याच्या चकत्यांवर हा जिवाणू आणि सोबत आपला अर्क घालायचा, बारा दिवस ठेवायचं, मग आयोडीनचं द्रावण ओतायचं. स्टार्च असलेला बटाटा काळानिळा होतो. गाठीच्या पेशींत स्टार्च नसल्यामुळे त्या रंगत नाहीत, उठून दिसतात. मोजा! अर्क नसलेल्या चकत्यांपेक्षा गाठी बऱ्याच कमी आल्या तर अर्कात काहीतरी आहे. पण इथेही मेख आहे. अर्कानं गाठ रोखली की तो जिवाणूच मारून टाकला? जिवाणू मेला तर गाठ येणारच नाही. म्हणून त्या जिवाणूवर अर्काची वेगळी चाचणी घ्यावीच लागते. ती न घेता ‘ट्यूमर रोखला’ असं लिहिणं म्हणजे फ्यूज उडालेल्या मोटरला ‘आवाज न करणारी मोटर’ म्हणण्यासारखं आहे.

तिसरी चाचणी तुम्ही सगळ्यांनी अर्धी केलेलीच आहे. कांद्याच्या मुळाचं टोक घेऊन, रंगवून, काचेखाली चेपून विभाजन होणाऱ्या पेशी बघायच्या, आठवतंय? त्याच मुळाला अर्काच्या पाण्यात वाढवलं तर विभाजन किती थांबलं, गुणसूत्रं किती तुटली हे कळतं. लेव्हान या स्वीडिश शास्त्रज्ञानं १९३८ मध्ये कोल्चिसिनवर हे करून दाखवलं होतं. फुरसुंगीचा घ्या नाहीतर लोणंदच्या बाजारातला घ्या, कांद्याला फरक पडत नाही. फक्त सगळे कांदे एकाच लॉटचे हवेत.

आता या चाळणीतून खरं औषध निघतं का? निघतं, आणि त्याचं उदाहरण आपल्या घाटातच आहे. म्हणून तर हा विषय मला आपला वाटतो.

नंदुरबारला १९२५ साली जन्मलेले मनसुख वाणी मुंबईत शिकून पुढे अमेरिकेत गेले. नॉर्थ कॅरोलायनातल्या संस्थेत मन्रो वॉल यांच्यासोबत त्यांनी कॅम्प्टोथेका या चिनी झाडाच्या अर्कावर काम केलं. पद्धत अशी: अर्काचे भाग पाडायचे, प्रत्येक भागाची जैविक चाचणी घ्यायची, ज्या भागात गुण दिसेल त्याचेच पुन्हा भाग पाडायचे. म्हणजे चाचणी इथे होकायंत्राचं काम करते. ल्युकेमिया झालेले उंदीर कुठल्या भागामुळे जास्त जगतात हे बघत बघत १९६६ मध्ये ते कॅम्प्टोथेसिन या शुद्ध पदार्थापर्यंत पोचले. १९७१ मध्ये याच जोडीनं टॅक्सॉलची रचनाही सांगितली. आज कॅन्सर हॉस्पिटलात ज्यांची नावं रोज घेतली जातात अशा दोन औषधांच्या मुळाशी एक नंदुरबारचा माणूस आहे, हे आपल्या किती जणांना माहीत आहे? वाणी २०२० मध्ये गेले. आपल्याकडे क्रिकेटपटूचा स्कोअर तोंडपाठ असतो, असो.

गोष्ट इथेच संपत नाही. १९७२ मध्ये गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी दाखवलं की सह्याद्रीतल्या एका झाडात हेच कॅम्प्टोथेसिन आहे, आणि चिनी झाडापेक्षा कितीतरी जास्त. ते झाड म्हणजे नरक्या. काही जण त्याला अमृताही म्हणतात. (एकाच झाडाला नरक आणि अमृत दोन्ही! फुलांचा वास घेतलात तर पहिलं नाव पटेल.) महाबळेश्वरच्या, कोयनेच्या रानात ते वाढतं. आणि वर सांगितलेल्या बटाट्याच्या चाचणीत ‘गाठी रोखणारा पदार्थ कसा वागतो’ हे तुलनेला दाखवायला कॅम्प्टोथेसिनच वापरतात.

पण १९६६ ला सापडलेला हा पदार्थ पेशंटला औषध म्हणून मिळाला केव्हा? कॅम्प्टोथेसिन पाण्यात विरघळत नाही, म्हणून सुरुवातीला त्याचं सोडियम मीठ करून माणसांवर चाचण्या झाल्या. मीठ करताना रेणूतलं एक कडं उघडलं जातं, आणि त्या कड्यातच तर बरीचशी ताकद होती. गुण कमी आणि मूत्राशयाला त्रास भयंकर, त्यामुळे १९७० च्या दशकात चाचण्या बंद पडल्या. १९८५ मध्ये कळलं की हा पदार्थ टोपोआयसोमरेज-१ नावाच्या एन्झाइमला डीएनएवर अडकवून ठेवतो. मग रेणूत बदल करून बनवलेली टोपोटेकान आणि इरिनोटेकान ही औषधं १९९६ मध्ये अमेरिकेत मंजूर झाली. तीस वर्षं! आपल्या पेपरातल्या मथळ्याला एक रात्र लागते.

नरक्याला मात्र तीस वर्षं मिळाली नाहीत. लाकडाला भाव आहे हे कळल्यावर सह्याद्रीत त्याची चोरटी तोड सुरू झाली. खोडाच्या, मुळांच्या ढलप्या पोत्यांत भरून जायला लागल्या. झाड मुळासकट उपटलं की पुढच्या वर्षी तिथे काही येत नाही. म्हणजे चाचणीचा निकाल चुकीचा असला तर पेशंट फसतो आणि बरोबर असला तर झाड मरतं! म्हणून माझं म्हणणं असं की, कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी पानं किंवा गळालेल्या डहाळ्याच वापराव्यात, गावच्या जैवविविधता समितीला सांगून घ्याव्यात, आणि झाड नेमकं कुठल्या टेकडीवर आहे ते रिपोर्टात छापू नये. २००२ चा जैवविविधता कायदा आहे, त्यातून आलेल्या या समित्या गावोगाव कागदावर तरी आहेतच. त्यांना काम द्या.

आता घाट उतरून सांगलीला येऊ. इथे विषय निघाला की हळद आलीच. हरिपूरची जमिनीखालची पेवं, मार्केट यार्डातले सौदे, २०१८ मध्ये मिळालेलं भौगोलिक मानांकन, सगळ्याचा मलाही अभिमान आहे. अमेरिकेनं जखमेवरच्या हळदीला दिलेलं पेटंट माशेलकरांच्या सीएसआयआरनं लढून १९९७ मध्ये रद्द करायला लावलं, ही गोष्ट तर गॅदरिंगच्या भाषणात दरवर्षी असते. पण ‘हळदीनं कॅन्सर बरा होतो’ असं मेसमध्ये कुणी छातीठोकपणे म्हणालं की मी एक प्रश्न विचारतो: कुठल्या चाचणीत?

बहुतेक वेळा उत्तर असतं, प्लेटमधल्या पेशींवरच्या. पेशींच्या चाचण्या ही चाळणीची पुढची पायरी. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातून पेशी मिळतात, आणि खारघरच्या ‘अ‍ॅक्ट्रेक’मध्ये बाहेरचे नमुने तपासून द्यायची सोय आहे. पेशी जिवंत किती हे रंगावरून ठरवतात. १९८३ मध्ये मोसमान यांनी आणलेल्या एमटीटी चाचणीत जिवंत पेशी पिवळ्या द्रव्याचं जांभळं करतात आणि यंत्र तो जांभळा रंग मोजतं. आता विचार करा, अर्क स्वतःच पिवळाजर्द असेल तर? वनस्पतीतले काही पदार्थ पेशी नसतानाही एमटीटीला जांभळं करून टाकतात, तर? यंत्र इमानदारीत आकडा देईल, पण तो पेशींचा नसेल. इन्स्ट्रुमेंटेशनवाल्यांना हे नवीन नाही, सेन्सर भलतंच काही मोजतो तेव्हा ओरल्सला आपण काय काय सांगतो ते आठवा. कुर्क्युमिनबाबत नेमकी हीच तक्रार आहे. ते अनेक चाचण्यांत लुडबुड करतं, द्रावणात टिकत नाही आणि तोंडावाटे घेतलं तर रक्तात फारच थोडं पोचतं. २०१७ मध्ये एका मोठ्या रसायनशास्त्रीय आढाव्यानं हे सगळं मांडलं. कुर्क्युमिनवरचे काही गाजलेले शोधनिबंध तर मागेही घेतले गेलेत. म्हणून हळद वाईट ठरत नाही. आमटीत ती हवीच. पण आमटी वेगळी आणि केमोथेरपी वेगळी.

जरा आकडेमोड करू, कारण आपण त्याचेच पैसे भरतो. समजा १००० अर्क आहेत आणि त्यांतल्या फक्त १० मध्ये खरा दम आहे. चाचणी चांगली आहे, त्या दहांतले ९ पकडते. उरलेल्या ९९० पैकी फक्त १० टक्क्यांना ती चुकून ‘पास’ म्हणते. म्हणजे ९९. एकूण पास झाले १०८, खरे ९. बारांत एक! चाचणीत काही खोट नाही, खोट आहे १०८ मथळे छापण्यात. अमेरिकेच्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेनं १९६० ते १९८२ या काळात वनस्पतींचे एक लाखाहून जास्त अर्क तपासले. त्यातून पेशंटपर्यंत जे पोचलं ते हाताच्या बोटांवर मोजावं इतकंच, टॅक्सॉल आणि कॅम्प्टोथेसिनचं कुटुंब हे त्यातलं मोठं. आणि आपल्या अंगणातली सदाफुली? तिची विन्ब्लास्टिन, विन्क्रिस्टिन ही औषधं खरीच आहेत, पण १९५० च्या दशकात कॅनडात नोबल आणि बीअर तिच्याकडे मधुमेहासाठी बघत होते. साखर काही उतरली नाही, उंदरांच्या पांढऱ्या पेशी मात्र घटल्या. त्यांनी ‘प्रयोग फसला’ म्हणून वही मिटली नाही, पेशी का घटल्या ते शोधलं. म्हणून मी म्हणतो की नापास अर्कांचीही नोंद हवी.

हे सगळं मी इतक्या तावातावानं का लिहितोय त्याला एक कारण आहे. आमच्या गावातल्या एका काकूंना स्तनाचा कॅन्सर होता. केमोचे दोन डोस झाले होते. उलट्या, केस गेले, माणूस खचतंच. तेवढ्यात कुणीतरी पेपरचं कात्रण आणून दिलं, एका पाल्याच्या अर्कानं ‘कॅन्सरच्या पेशी नव्वद टक्के नष्ट’. काकांनी ते कात्रण लॅमिनेट करून घेतलं होतं. तिसऱ्या डोसला ते गेलेच नाहीत, पाला उकळून द्यायला लागले. सात-आठ महिन्यांनी परत हॉस्पिटल गाठलं तेव्हा आजार यकृतापर्यंत गेला होता. काकू आता नाहीत. केमो पूर्ण केली असती तर त्या नक्की वाचल्या असत्या असं मी म्हणणार नाही, ते डॉक्टरही म्हणाले नाहीत. पण ते कात्रण मी वाचलंय. नव्वद टक्के पेशी प्लेटमध्ये मेल्या होत्या. कुठल्या मात्रेला, ते छापलेलंच नव्हतं. निरोगी पेशी किती मेल्या, तेही नाही. पुरेशी मात्रा घातली तर प्लेटमधल्या पेशी मिठानंसुद्धा मरतात हो!

कॅन्सर बरा करण्याच्या जाहिरातीला १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे. बातमीला नाही, आणि असूही नये. मग जबाबदारी कुणाची? माझ्या मते निकाल लिहिणाऱ्याची, म्हणजे विद्यार्थ्याची आणि गाइडची. रिपोर्टच्या पहिल्याच पानावर तीन गोष्टी ठळक असाव्यात: चाचणी कुठल्या जिवावर केली, कुठल्या मात्रेला परिणाम दिसला, आणि साध्या पाण्यात व नुसत्या द्रावकात किती मेले. ‘कॅन्सरविरोधी’ हा शब्द शीर्षकात नको. ‘आर्टेमियाला विषारी’ असं लिहिलं की पत्रकार आपोआप निघून जातो.

आणि आपण? आपल्याला करण्यासारखं भरपूर आहे. मोजताना माणूस थकतो. शेवटच्या बाटल्यांत माझा आकडा आणि बहिणीचा आकडा जुळेना, तेव्हा एक साधा कॅमेरा आणि हलणारे ठिपके मोजणारा प्रोग्राम असता तर दुपार वाचली असती. कॉम्प्युटरवाल्यांना हा फायनल इयरचा प्रोजेक्ट का होऊ नये? दरवर्षी लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टिम किती जणांनी करायची? इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी तापमान एका अंशात धरून ठेवणारी पेटी करावी, लॅबमध्ये सकाळ-दुपारचा फरक फार पडतो. बाटल्यांवर अर्काचं नाव न लिहिता नुसता नंबर घालावा आणि यादी तिसऱ्यानं सांभाळावी. आपला लाडका अर्क कुठला हे मोजणाऱ्याला कळलं की मेलेले जास्त दिसायला लागतात, हा मनुष्यस्वभाव आहे. एलसी-५० काढायला एक्सेल पुरतं, पण आकड्यासोबत त्याची अनिश्चितताही छापा, नाहीतर ४७ आणि ५२ वरून दोन कॉलेजं भांडत बसतील.

जवळच्या सायन्स आणि फार्मसी कॉलेजांशी बोलून सातारा-सांगली मिळून एकच नोंदवही ठेवावी असं मला वाटतं. वनस्पतीचं नाव, भाग, महिना, द्रावक, मात्रा, मेले किती, जगले किती. पास झालेले अर्क दुसऱ्या कॉलेजनं, नाव न कळता, पुन्हा तपासायचे. दोन्हीकडे टिकले तरच पेशींच्या चाचणीसाठी खारघरला पाठवायचे. या सेमिस्टरला कुणाची तयारी असेल तर सबमिशन संपल्यावर रूमवर येऊन भेटा. अंडी मागवण्याआधी निदान दहा जण हवेत, कारण डबा एकदा उघडला की दमट हवेत फार दिवस टिकत नाही, आणि आपल्या हॉस्टेलचा फ्रिज मेसच्या ताब्यात आहे.